कपाट भिंतीला टेकलेले आहे की बांधलेले?

सुटीत नातवंडे येणार असे कळले की घर किती दिवस आधीपासून तयारीला लागते! गाद्यांना ऊन दाखवले जाते, डबे लाडू-चकल्यांनी भरतात, रक्तदाबाच्या गोळ्यांची पेटी वरच्या फळीवर जाते, फिनेलची बाटली मोरीतून उचलून कुलपात ठेवली जाते. विजेच्या खालच्या सॉकेटांवर चिकटपट्टी लावणारे आजोबाही आपल्या परिचयाचे असतील. पाणी, वीज, विस्तव आणि औषध ही चार संकटे आपल्या पिढीला पाठ आहेत. या साऱ्या तयारीत एक गोष्ट मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. ज्या खोलीत ती मुले झोपणार आहेत, त्या खोलीतले साडेसहा फुटी कपाट जमिनीवर नुसते उभे आहे. ते भिंतीला टेकलेले आहे, बांधलेले नाही.

‘इतकी वर्षे उभे आहे, कधी तसूभर हलले नाही, ते आताच कसे पडेल?’ हा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण त्या वर्षांत कपाटाला हात लागले ते मोठ्या माणसांचे. मोठे माणूस दार उघडते, वस्तू घेते, दार लावते. लहान मूल त्याच कपाटाचा उपयोग शिडीसारखा करते. नऊ-दहा महिन्यांचे बाळ हाताला येईल ते धरून उभे राहू लागते. दीड वर्षाचे झाले की ते खुर्चीवर, सोफ्यावर चढते. दोन-अडीच वर्षांचे मूल उघड्या खणाकडे पाहते तेव्हा त्याला तेथे कपडे दिसत नाहीत, पायरी दिसते. वर ठेवलेला रिमोट, बिस्किटांचा डबा, चार्जिंगला लावलेला मोबाइल ही त्याच्या चढाईची शिखरे. यात खोडकरपणा नाही. त्या वयाचे ते कामच आहे, आणि ते काम मूल आपल्याला विचारून करीत नाही. एक ते पाच वर्षांच्या मुलांना या अपघाताचा धोका सर्वाधिक असतो तो यामुळेच.

या अपघाताविषयी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मूल पडले, भाजले, बोट चेंगरले, तर ते रडते, आणि त्या रडण्याच्या दिशेने आपण धावतो. कपाटाखाली सापडलेले मूल बहुधा रडत नाही. रडण्यासाठी छातीत हवा भरून घ्यावी लागते. लहान मुलाच्या बरगड्या कोवळ्या, लवचीक असतात; छातीवर जड वस्तूचा भार आला की त्या वर उचलल्या जात नाहीत, श्वास आत घेता येत नाही, आणि हाकही बाहेर येत नाही. मोठा धाडकन आवाज होईलच असेही नाही. कपाट गादीच्या कडेवर किंवा थेट मुलाच्या अंगावर आले, तर स्वयंपाकघरात मिक्सर चालू असताना तो आवाज ऐकूही जाणार नाही. मेंदूला प्राणवायू मिळेनासा झाला की चार ते सहा मिनिटांत कायमची हानी होऊ लागते. अशा कित्येक घटना झोपण्याच्या खोलीत, ‘बाळ झोपले आहे’ असे घरातले सर्व समजून असताना घडलेल्या आहेत. मूल झोपेतून उठले, कोणाला हाक न मारता खेळू लागले, आणि खणांकडे वळले.

एवढेसे मूल एवढे मोठे कपाट कसे पाडते, हे समजण्यासाठी तागडीचा साधा हिशेब पुरतो. समजा, लाकडी खणांचे एक कपाट आहे. कपड्यांसह त्याचे वजन 40 किलो आणि पुढून मागे त्याची खोली 40 सेंटिमीटर. सर्व खण बंद असताना वजनाचा मध्य पुढच्या कडेपासून 20 सेंटिमीटर मागे राहतो. कपाटाला जागेवर धरून ठेवणारे पारडे झाले 40 गुणिले 20, म्हणजे 800. आता मुलाने तीन खण 30 सेंटिमीटर बाहेर ओढले. प्रत्येक खण कपड्यांसह 6 किलोचा. म्हणजे 18 किलो वजन 30 सेंटिमीटर पुढे सरकले. 800 मधून 540 वजा झाले आणि उरले 260. मग दोन वर्षांचे, 12 किलोचे मूल सर्वांत खालच्या खणात, कपाटाच्या कडेपासून 25 सेंटिमीटर पुढे उभे राहिले. त्याच्या बाजूचे पारडे 300 झाले. 260 विरुद्ध 300. कपाट पुढे कलते, आणि ते जिकडे कलते तिकडेच मूल उभे असते.

तीनऐवजी एकच खण उघडा असता तर पारड्यात 620 उरले असते आणि कपाट उभे राहिले असते. म्हणून काही नव्या कपाटांत एका वेळी एकच खण उघडावा अशी अटकाव-यंत्रणा बसवलेली असते. नवे कपाट घेताना दुकानात दोन खण एकदम ओढून पाहावेत. दुसरा उघडला नाही तर तो दोष नाही, गुण आहे. ‘जड सामान खालच्या खणात ठेवा’ हा सल्लाही सर्वत्र दिला जातो. तो चांगलाच आहे, कारण वरचा भाग हलका असला की वरून ओढल्यावर कपाट सहजी कलत नाही. पण वरचा हिशेब पुन्हा पाहिला तर ध्यानात येईल की भरलेला खालचा खण बाहेर ओढला गेला, तर तोही कपाटाला पुढेच खेचतो. तेव्हा केवळ सामान खाली हलवून निश्चिंत होऊ नये.

आपल्याकडे या अपघाताची फारशी चर्चा होत नाही, याचे एक कारण असे की त्याची वेगळी मोजणीच होत नाही. देशातील अपघाती मृत्यूंचा जो वार्षिक अहवाल ‘एनसीआरबी’कडून निघतो, त्यात बुडणे, भाजणे, विजेचा धक्का, पडणे यांचे रकाने आहेत, घरातले सामान अंगावर पडण्याचा नाही. अमेरिकेत ही मोजणी होते, आणि म्हणून तेथे काय घडले ते पाहणे उपयोगाचे ठरते.

तेथे आयकिया या कंपनीची ‘माल्म’ नावाची खणांची कपाटे घरोघर होती. 2014 मध्ये ही कपाटे अंगावर पडून दोन मुले दगावली. 2015 मध्ये कंपनीने ग्राहकांना भिंतीला बांधण्याचे साहित्य फुकट पाठवण्याची योजना काढली. योजना चालू असतानाच आणखी एक मूल गेले. जून 2016 मध्ये कंपनीने सुमारे 2 कोटी 90 लाख कपाटे परत घेण्याची घोषणा केली. ती घोषणा असंख्य घरांपर्यंत पोहोचलीच नाही, आणि 2017 मध्ये पुन्हा एक दोन वर्षांचा मुलगा अशाच कपाटाखाली सापडून मरण पावला. मुले गमावलेल्या आईवडिलांनी 2018 मध्ये एकत्र येऊन संस्था काढली, वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, आणि डिसेंबर 2022 मध्ये तेथे कायदा झाला. सप्टेंबर 2023 पासून तेथे बनणाऱ्या किंवा आयात होणाऱ्या कपड्यांच्या कपाटांची परीक्षा आता भरलेले खण उघडे ठेवून, खाली गालिचा आहे असे धरून आणि 60 पौंडांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे 27 किलोंच्या मुलाचा भार गृहीत धरून घेतली जाते. 27 इंचांहून उंच अशी सर्व कपाटे या परीक्षेत येतात. 27 इंच म्हणजे सव्वादोन फूट. जेवणाच्या टेबलाहूनही कमी. धोका केवळ छताला भिडणाऱ्या कपाटांचा आहे, हा समज त्या एका आकड्याने दूर व्हावा.

या साऱ्या हकिकतीतून मला महत्त्वाची वाटते ती 2015 ची योजना. बांधण्याचे साहित्य फुकट मिळत होते. तरीही बहुतेकांनी ते लावले नाही, कारण आपले कपाट पडेल असे कोणालाच वाटत नव्हते.

आपल्या पिढीचा एक आक्षेप येथे येणारच: ‘आम्ही नाही का मुले वाढवली? तेव्हा कोण कपाटे भिंतीला ठोकीत होते?’ आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच जुन्या घरांत आहे. आपण ज्या घरांत लहानाचे मोठे झालो, ती घरे डोळ्यांसमोर आणून पाहा. तेथे कपाट उभे नव्हतेच. ते भिंतीत होते. फडताळ म्हणजे भिंतीच्या जाडीतच कोरलेली जागा. कोनाडा, दिवळी, खुंटी, फळी सर्व काही भिंतीचेच अवयव. जे भिंतीबाहेर होते ते बुटके आणि बसके: पाट, चौरंग, कपड्यांची पत्र्याची पेटी, धान्याची कणगी. पेटाऱ्यावर चढून मूल फार तर स्वतः पडेल. पेटारा त्याच्यावर पडणार नाही. घरात उंच, अरुंद आणि सुटी अशी वस्तू जवळजवळ नव्हती. मग चाळीतल्या आणि पुढे फ्लॅटमधल्या भिंती पातळ झाल्या, फडताळे गेली, आणि लग्नातल्या आहेरातून लोखंडी कपाट आले. त्यानंतर भुशाच्या फळ्यांची, वजनाला हलकी, कमी खोलीची कपाटे आली. जागा वाचावी म्हणून ती उंच झाली. तेव्हा आपण भिंतीला काही बांधत नव्हतो, कारण सारे आधीच भिंतीला बांधलेले होते.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. आईवडील कामावर आणि मूल आजी-आजोबांपाशी, ही आज असंख्य घरांतील व्यवस्था आहे. अशा घरात काही विपरीत घडले की पहिला प्रश्न येतो: ‘लक्ष कोणाचे होते?’ आणि उत्तर म्हणून बोट वळते ते बहुधा आजीकडे. ती गॅसवरचे दूध उतरवायला गेलेली असते, किंवा दारावरची घंटा वाजलेली असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खुर्चीतून उठून शेजारच्या खोलीत पोहोचायला पंधरा-वीस सेकंद सहज लागतात. कपाट कलायला एक-दोन सेकंद पुरे होतात. या शर्यतीत कोणाचेही लक्ष, तरुण आईचेसुद्धा, जिंकू शकत नाही. ज्या गोष्टीपासून लक्ष वाचवू शकत नाही, तिच्यासाठी लक्ष ठेवणाऱ्याला जबाबदार धरणे हा अन्याय होय. म्हणूनच ‘मी आहे ना लक्ष ठेवायला’ असे म्हणून मुलाला, जावयाला किंवा सुताराला परत पाठवू नये. आपल्या सावधपणावर अविश्वास दाखवला जात आहे असेही मानू नये. घरात बाळाला सांभाळण्याची जबाबदारी आपल्याकडे येत असेल, तर कपाटे बांधून द्या असे सांगण्याचा अधिकारही आपल्याकडे येतो.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. घरात फिरून प्रत्येक उंच वस्तूच्या वरच्या कडेला हात लावून ती हलकेच पुढे ओढून पाहावी, मात्र मूल खोलीत नसताना आणि घरातले दुसरे धडधाकट माणूस शेजारी उभे असताना. जी वस्तू डुलते, तिची पाळी प्रथम. खणांची कपाटे, पुस्तकांची मांडणी, चपलांचे उंच स्टँड, टीव्हीचा स्टँड, स्वयंपाकघरातील भांड्यांची सुटी मांडणी आणि खाली कपाट असलेला उंच देव्हारा, एवढ्यांकडे तरी पाहावे.

बांधण्याचे साहित्य साधे आहे आणि हार्डवेअरच्या कोणत्याही दुकानात मिळते: लोखंडी एल-पट्ट्या, प्लग आणि स्क्रू. प्रत्येक कपाटाला वरच्या भागात दोन पट्ट्या, डाव्या-उजव्या टोकांजवळ. काम सुताराचे अर्ध्या तासाचे आहे, पण ते नीट झाले की नाही हे आपणच पाहायला हवे. पहिले म्हणजे, पट्टीचा स्क्रू कपाटाच्या भक्कम चौकटीत किंवा वरच्या जाड फळीत गेला पाहिजे. कपाटाची पाठ बहुधा पातळ प्लायची किंवा हार्डबोर्डची असते. तिच्यात मारलेला स्क्रू पहिल्या ओढीला निघून येतो. दुसरे, भिंतीतला स्क्रू गिलाव्यातून पार होऊन विटेत किंवा काँक्रीटमध्ये बसला पाहिजे. गिलाव्याचाच थर अर्ध्या-पाऊण इंचाचा असतो, म्हणून दोन इंचांहून लहान स्क्रू वापरू देऊ नये. नव्या इमारतींत हलक्या, सच्छिद्र ब्लॉकांच्या भिंती असतात आणि काही ठिकाणी जिप्समचे पडदे. दोहोंसाठी प्लग वेगळे मिळतात. भिंत कशाची आहे हे दुकानदाराला सांगूनच ते घ्यावेत. तिसरे, विजेच्या बोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडू नये. वायरी बहुधा तेथूनच गेलेल्या असतात. काम झाल्यावर वरची कड पुन्हा एकदा जोराने ओढून पाहावी. पट्टी किंचितही सरकली, तर सुताराला तेथेच थांबवावे. प्लास्टिकचे पट्टे बसवायला सोपे असतात. पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते काही वर्षांत ठिसूळ होतात, म्हणून लोखंडी पट्टीच बरी.

आता लोखंडी कपाट. हे वजनाने भारी, म्हणून पडणार नाही असा सर्वांचा विश्वास असतो, आणि दारे बंद असताना तो बऱ्याच अंशी खराही आहे. पण त्याची दोन्ही दारे उघडली, त्यांपैकी एकाला उंचीभर आरसा असला, आणि मूल मुठीला लोंबकळले, की हिशेब बदलतो. शिवाय हे कपाट चार लहान पायांवर उभे असते. फरशी पुसण्याच्या पाण्याने पुढचे पाय आधी गंजतात, कारण पुसणाऱ्याचा हात मागपर्यंत पोहोचत नाही. कोकणपट्टीत तर हे फार लवकर होते. काही घरांत ओलीपासून बचाव म्हणून पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे दिलेले असतात. त्यांनी कपाट आणखी उंच आणि डळमळीत होते. ते काढून टाकावेत. मोरीकडे उतार असलेल्या फरशीवर कपाट पुढे झुकत असेल, तर पुढच्या पायांखाली पातळ पाचर बसवून त्याचा कल किंचित मागे, भिंतीकडे आणावा. पत्र्याला पट्टी लावायची असेल तर साध्या लाकडी स्क्रूवर विसंबू नये. भोक पाडून, आतून वायसर देऊन नट-बोल्टने कसावी. आणि कपाटावर रचलेल्या त्या बॅगा! प्रवासाच्या रिकाम्या बॅगेत जुनी पितळी भांडी आणि अल्बम भरून ती कपाटावर ठेवण्याची आपल्या घराघरांतील रीत आता मोडायला हवी. कपाट पडले नाही तरी हादऱ्याने बॅग पडते. कपाटाची किल्ली दाराला लटकती ठेवणेही बंद करावे. किल्लीच्या जुडग्याइतके मुलाला खेचून घेणारे खेळणे दुसरे नाही.

टीव्हीचे दोन प्रकार दोन तऱ्हांनी घातक आहेत. जुना, मागे फुगीर टीव्ही अजून एखाद्या घरात ट्रॉलीवर असेल. त्याचे सारे वजन पुढच्या काचेत असते, त्यामुळे तो तोंडावरच पडतो. तो वापरात नसेल तर भंगारात द्यावा. आठवण म्हणून बाळाच्या खोलीत ठेवण्याजोगी ती वस्तू नव्हे. नवा, चपटा टीव्ही हलका असतो. पण दोन बारीक पायांवर तो इतका अधांतरी उभा असतो की वायर ओढली तरी पुरे. तो भिंतीवरच बसवून घ्यावा, आणि वायरी मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशा बांधाव्यात. कपडे ठेवण्याच्या खणांच्या कपाटावर टीव्ही मांडणे मात्र सर्वांत वाईट, कारण मूल चढते, कपाट कलते, आणि दोन्ही वस्तू एकापाठोपाठ एक येतात.

भाड्याच्या घरात भोके पाडण्यावरून घरमालकाशी वाद होईल, ही अडचण खरी आहे. आधी बोलून घ्यावे. घर सोडताना भोके बुजवून देण्याचे कबूल केले की बहुतेक मालक राजी होतात. नाहीच झाले, तर उंच आणि सुटे सामान बाळाच्या खोलीतून हलवून, नेहमी कडी लावता येईल अशा खोलीत न्यावे, आणि बाळाच्या खोलीत बुटकी पेटी ठेवावी. सुतार येईपर्यंतच्या चार दिवसांतही हेच करावे. खेळणी आणि खाऊ खालच्या, हाताशी येणाऱ्या जागी ठेवणे हे तर आज संध्याकाळीच होण्यासारखे आहे. जे खाली मिळते त्यासाठी मूल वर चढत नाही.

एक गोष्ट आपल्या स्वतःच्या काळजीची. अमेरिकेतील नोंदींत अशा अपघातांत दगावलेल्यांमध्ये साठीपुढची माणसेही आहेत. पलंगावरून उठताना तोल गेला की हात आपोआप जवळच्या कपाटाच्या मुठीकडे जातो. ती मूठ दाराची असते. दार उघडते, आणि आधारासाठी धरलेले कपाट आपल्याच अंगावर येते. पलंगाशेजारचे कपाट म्हणूनच, घरात मूल नसले तरी, बांधून घ्यावे. आधारासाठी भिंतीत पक्की दांडी बसवावी. 11 डिसेंबर 1967 ची कोयनेच्या भूकंपाची पहाट ज्यांना आठवते, त्यांना जमीन हलली की उंच सामानाचे काय होते हे सांगायला नको.

एवढे करूनही कपाट पडल्याचे आढळले, तर काय करावे हे ठाऊक असावे. प्रथम मोठ्याने हाक मारून माणसे जमवावीत, पण त्यांच्यासाठी थांबू नये. कपाट ओढू नये. सरळ वर उचलावे. एकट्याने उचलता आले नाही, तर निदान छातीवरचा भार हलका होईल इतके वर करून खाली उशी, स्टूल, हाताशी येईल ते सारावे. 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. 112 हा क्रमांकही चालतो. मूल श्वास घेत असेल तर त्याची मान न वळवता त्याला निजलेलेच ठेवावे. श्वास नसेल तर वर्षावरील मुलाच्या छातीच्या मध्यभागी एका हाताचा तळवा ठेवून, छाती साधारण एक-तृतीयांश खाली जाईल असे, मिनिटाला 100 ते 120 या गतीने दाब द्यावेत. तीस दाबांनंतर दोन वेळा तोंडाने श्वास, आणि पुन्हा दाब. मदत येईपर्यंत हे थांबवू नये. हे कृत्य पुस्तकातून नव्हे, हाताने शिकायचे असते. मूल सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा प्रशिक्षण घेऊन शिकून घ्यावे.

मूल उठून खेळू लागले तरी त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. डोक्याला किंवा पोटाला बसलेला मार पहिल्या काही तासांत लपून राहतो. पुन्हा पुन्हा उलटी, अवेळी गुंगी, झटके, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव, एक बाहुली मोठी व एक लहान दिसणे, पोट ताठर होणे, हात किंवा पाय न हलवणे, यांपैकी एकही दिसले तर एक क्षणही दवडू नये. तपासणी होईपर्यंत खायला-प्यायला देऊ नये. चोळणे, शेकणे टाळावे. हळदीचा लेप नंतर लावता येईल.

राहता राहिली दिवाळीची साफसफाई आणि रंगकाम. तेव्हा कपाटे भिंतीपासून सोडवून खोलीच्या मधोमध येतात, पट्ट्या काढल्या जातात, स्क्रू एका वाटीत जमा होतात. रंग वाळतो, कपाटे आपापल्या जागी परत जातात, आणि ती वाटी खिडकीत तशीच राहते. रंगाऱ्याचे पैसे चुकते करण्यापूर्वी ती वाटी रिकामी झाली आहे का, तेवढे पाहावे.